लोकप्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय करताना: आधी वर्ग, मग करार

विभाग आंतरराष्ट्रीय करायचं ठरलं की पहिली बैठक बहुधा करारांवरच होते. कोणाची कुठल्या विद्यापीठात ओळख आहे, कुलगुरूंचा दौरा कधी आहे, सह्या कधी होतील. सह्या होतात, फोटो निघतो, करार फायलीत जातो आणि दोन वर्षांनी त्या फायलीत फोटोखेरीज काही सापडत नाही. वर्गात अर्थसंकल्पाचा पेपर मात्र होता तसाच शिकवला जात असतो.

या लेखातला क्रम म्हणून मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी हेतू, मग सिलॅबस, मग ऑनलाइन सहअध्यापन. करार, प्रवास आणि परदेशी विद्यार्थी त्यानंतर. मानांकन, म्हणजे बाहेरच्या संस्थेने अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून दिलेली मान्यता, सगळ्यात शेवटी.

लोकप्रशासनाची अडचण वेगळी आहे

व्यवस्थापनाचा किंवा संगणकशास्त्राचा पदवीधर दुसऱ्या देशात जाऊन जवळपास तेच काम करू शकतो. लोकप्रशासनाचं ज्ञान मात्र राज्यघटना, सेवानियम, वित्तीय नियम, न्यायालयांचे निकाल आणि कार्यालयीन भाषा यांना घट्ट बांधलेलं असतं. बहुसंख्य विद्यार्थी आपल्याच देशातल्या एखाद्या खात्यात, नगरपालिकेत किंवा स्वयंसेवी संस्थेत काम करणार असतात. मग बाहेरचं जग त्यांना कशासाठी दाखवायचं?

उत्तर या विषयाच्या मुळातच आहे. अमेरिकेने युरोपातल्या राजेशाह्यांकडून प्रशासनाच्या पद्धती बिनदिक्कत शिकाव्यात, असं पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सन यांनी १८८७ च्या निबंधात मांडलं. दाखला दिला तो सुरीला हुशारीने धार लावणाऱ्या खुनशी माणसाचा: त्याची धार लावायची रीत उचलता येते, खुनाचा इरादा सोबत घ्यावा लागत नाही. १९४७ मध्ये अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी दुसऱ्या बाजूने बजावलं. एका देशाच्या अनुभवावरून काढलेले निष्कर्ष सार्वत्रिक नियम म्हणून खपवता येत नाहीत आणि तुलनेशिवाय या विषयाला शास्त्र म्हणवून घेता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बाहेरचं उचलावं कसं आणि उचलताना तपासावं काय, या दोन प्रश्नांवर सगळी आखणी उभी करता येते.

आखणी कोणासाठी, हेही आधीच ठरवून टाका. युरोपच्या शिक्षणमंत्र्यांनी २००९ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हाँच्या बैठकीत उद्दिष्ट ठेवलं होतं की २०२० मध्ये पदवी घेणाऱ्यांपैकी किमान २० टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षणाचा किंवा प्रशिक्षणाचा काही काळ परदेशात घालवलेला असावा. पैसा, रेल्वे, खुल्या सीमा, सामायिक क्रेडिट पद्धत हे सगळं हाताशी असलेल्या प्रदेशाचं हे उद्दिष्ट. ते पूर्ण झालं तरी ८० टक्के घरीच राहतात. उच्चशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या, अभ्यासक जेन नाइट यांनी केलेल्या २००३ च्या बहुपरिचित व्याख्येत २०१५ मध्ये दुरुस्ती सुचवली गेली तेव्हा ही प्रक्रिया हेतुपूर्वक असावी आणि सर्व विद्यार्थी व कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा दर्जा वाढवणारी असावी, हे त्यात घातलं गेलं ते याचसाठी. न जाणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखा. जाणाऱ्याचं त्यातून आपोआप भलं होतं.

पायरी १: हेतू एका वाक्यात लिहा

विभागाचे हेतू साधारण तीन प्रकारचे असतात. सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांची दृष्टी रुंदावायची. आंतरराष्ट्रीय संस्थांत जाऊ पाहणारे तरुण घडवायचे. किंवा परदेशी विद्यार्थी आणून फी मिळवायची. तिसरा हेतू बैठकीत कोणी उघड बोलत नाही, पण असेल तर कागदावर आणलेला बरा, कारण त्याला लागणारी तयारी पूर्णपणे निराळी असते. तिन्ही एकदम साधायला निघालेल्या विभागाच्या हाती सहसा माहितीपत्रकच लागतं.

वाक्य असं असावं की त्यावरून एखादा प्रस्ताव नाकारता येईल. ‘जागतिक दर्जाचं शिक्षण देणं’ या वाक्यावरून काहीच नाकारता येत नाही. ‘पदवी घेणारा प्रत्येक विद्यार्थी दुसऱ्या देशातलं एखादं धोरण तपासून, ते आपल्या कार्यालयात चालेल की नाही याचं दोन पानी टिपण लिहू शकेल’ या वाक्यावरून येतं. तीन दिवसांचा परदेश दौरा या कसोटीवर लगेच पडतो. हे काम पुढेही उपयोगी येतं, कारण नास्पासारखी मानांकन करणारी संस्था पहिला प्रश्न विभागाच्या ध्येयाचाच विचारते आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून पाहते.

पायरी २: आहे त्याची मोजदाद

प्रत्येक पेपरचा सिलॅबस घ्या आणि एका तक्त्यात चार रकाने भरा: उदाहरणं कुठल्या देशांची, लेखक कुठले, आकडेवारी कुठली आणि परीक्षेत त्यातलं काय विचारलं जातं. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो. वर्गात दहा देश येऊन जातात आणि प्रश्नपत्रिकेत एकही नसतो, हे चित्र नेहमीचं. दुसरं नेहमीचं चित्र म्हणजे ‘तुलनात्मक लोकप्रशासन’ नावाचा एकच पेपर सगळ्या जगाचा भार वाहतो आणि अर्थसंकल्प, मनुष्यबळ, स्थानिक शासन या पेपरांत स्वदेश आणि एक-दोन इंग्रजीभाषक देश एवढंच उरतं.

याच तक्त्यात शिळी उदाहरणंही पकडा. न्यूझीलंडच्या प्रशासकीय सुधारणा अजून १९८८ च्या स्टेट सेक्टर ॲक्टवर थांबवून शिकवल्या जातात. त्या देशाने २०२० मध्ये पब्लिक सर्व्हिस ॲक्ट आणून तो कायदा बदलला, आणि का बदलला हाच तर शिकवण्याचा भाग. फ्रान्सची १९४५ साली स्थापन झालेली एना ही प्रशासकीय शाळा अजूनही चालू असल्यासारखी नोट्समध्ये येते. २०२२ पासून तिची जागा नव्या राष्ट्रीय संस्थेने घेतली आहे. व्यवसाय करणं कुठे किती सोपं यावर देशांची क्रमवारी लावणारा जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ अहवाल २०२१ मध्ये आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे बंद झाला, तरी त्याच्या क्रमवारीवर निबंध लिहायला दिले जातात.

माणसांचीही नोंद करा: कोणत्या शिक्षकाला कोणती भाषा येते, कोणते माजी विद्यार्थी दूतावासात किंवा विकास बँकेत आहेत, आत्ता वर्गात बाहेरून आलेलं कोण आहे. या सगळ्याला एका महिन्याहून जास्त वेळ देऊ नका. मोजदाद लांबली की ती स्वतःच एक प्रकल्प होऊन बसते.

पायरी ३: सिलॅबस बदला, खरं काम इथे आहे

इथे घाई करू नका. पहिल्या वर्षी तीन मुख्य पेपर निवडा आणि प्रत्येकात दोन किंवा तीन आठवडे नव्याने बांधा. नवा ‘जागतिक प्रशासन’ पेपर काढण्याचा मोह होईल, तो आवरा. ऐच्छिक पेपरला ज्यांना आधीच रस आहे तेच येतात.

परदेशी उदाहरण घातलं म्हणजे तुलना झाली असं होत नाही. नॉर्डिक देश किती सुंदर चालतात याची स्लाइड दाखवून विद्यार्थ्याच्या हाती हळहळीपलीकडे काही पडत नाही. एखादा आठवडा कसा बांधायचा ते एका उदाहरणाने पाहू.

विषय घ्या सशर्त रोख मदतीचा. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा योजना सुरू केली. ग्रामीण गरीब कुटुंबांना, आणि त्यातही आईच्या हाती, रोख रक्कम. अट अशी की मुलं शाळेत जावीत आणि आरोग्य तपासण्या व्हाव्यात. योजना सुरू करतानाच काटेकोर मूल्यमापन बांधलेलं असल्याने तिचा अभ्यास जगभर झाला. २००७ मध्ये न्यूयॉर्क शहराने हीच कल्पना उचलून ‘ऑपॉर्च्युनिटी एनवायसी’ हा प्रयोग खासगी देणग्यांवर सुरू केला आणि २०१० मध्ये थांबवला. कुटुंबांची रोजची ओढाताण काहीशी कमी झाली, पण खालच्या वर्गांतल्या मुलांच्या शालेय निकालांत फारसा फरक दिसला नाही. इकडे मेक्सिकोने योजनेची नावं दोनदा बदलली आणि २०१९ मध्ये ती गुंडाळली.

हे प्रकरण मला पाठ्यपुस्तकी उदाहरणांपेक्षा उजवं वाटतं, कारण इथे श्रीमंत शहर गरीब देशाकडून शिकतं आहे. धोरणं नेहमी एकाच दिशेने वाहतात हा वर्गातला न बोललेला समज इथे आपोआप मोडतो.

आता वर्गात काय करायचं? पहिल्या तासाला फक्त मेक्सिको: पैसा कोणत्या खात्यातून, अट कोण तपासतं, शाळेत हजेरी कोण नोंदवतं, चुकीचं नाव वगळलं तर तक्रार कुठे. दुसऱ्या तासाला न्यूयॉर्क: यातलं काय सोबत आलं आणि काय मागे राहिलं. उचललेलं धोरण का फसतं याची डोलोविट्झ आणि मार्श या अभ्यासकांनी २००० मध्ये मांडलेली तीन कारणं इथे हाताशी द्यावीत. उचलणाऱ्याकडे पुरेशी माहिती नव्हती, महत्त्वाचा भाग उचललाच नाही, किंवा दोन ठिकाणच्या परिस्थितीतला फरक लक्षात घेतला नाही. तिसऱ्या तासाला विद्यार्थी टिपण लिहितात, आपल्या देशातल्या एका ठरावीक अधिकाऱ्याच्या नावे. ‘सरकारने करावं’ असं मोघम लिहिलेलं टिपण परत करायचं. कोणत्या नियमात बदल लागेल, कोणत्या लेखाशीर्षातून पैसा येईल, कोणत्या कर्मचाऱ्याचं काम वाढेल आणि तो ते टाळायला काय करेल, एवढं त्यात हवंच. ‘हे आपल्याकडे आणू नये’ असा निष्कर्षही पूर्ण गुणांना पात्र आहे, हे आधी सांगून ठेवा. नाहीतर सगळी टिपणं शिफारशीनेच संपतात.

न्यूझीलंडच्या आठवड्यालाही हाच साचा चालतो. बहुतेक विकसनशील देशांनी या सुधारणा करून पाहू नयेत, असं अर्थसंकल्पाचे अभ्यासक ॲलन शिक यांनी १९९८ मध्येच सांगितलं होतं. कंत्राटांवर चालणाऱ्या प्रशासनाला आधी कंत्राट पाळणारा बाजार आणि नियम पाळणारी नोकरशाही लागते, हा त्यांचा मुद्दा विद्यार्थ्यांना स्वतःच्या कार्यालयाशी लगेच जोडता येतो.

आकडेवारीसाठी पैसे मोजायची गरज नाही. प्रामुख्याने विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेचा ‘गव्हर्नमेंट ॲट अ ग्लान्स’, संयुक्त राष्ट्रांचं ई-शासन सर्वेक्षण, जागतिक बँकेचे सुशासन निर्देशांक, गोथेनबर्ग विद्यापीठाच्या क्वालिटी ऑफ गव्हर्नमेंट संस्थेचा डेटा हे सगळं मोफत आहे. एक तास मात्र निर्देशांक कसे तयार होतात यासाठी राखून ठेवा, आणि तिथे ‘डुइंग बिझनेस’चं प्रकरण सविस्तर घ्या. ज्या देशांचं सरकार क्रमवारीत वर चढण्यासाठी कायदे बदलत होतं, त्यांचं पुढे काय झालं, यावर चर्चा आपोआप रंगते.

पायरी ४: ऑनलाइन सहअध्यापन

दोन देशांतले दोन शिक्षक एक छोटा भाग मिळून शिकवतात आणि दोन्हीकडचे विद्यार्थी मिश्र गटांत एक काम पूर्ण करतात. न्यूयॉर्क राज्याच्या सुनी विद्यापीठ व्यवस्थेने २००६ मध्ये यासाठी खास केंद्र काढलं आणि तिथून ‘कॉइल’ (कोलॅबरेटिव्ह ऑनलाइन इंटरनॅशनल लर्निंग) हे नाव रूढ झालं. विमानाचं तिकीट लागत नाही, विद्या परिषदेची नवी मंजुरीही सहसा लागत नाही, कारण पेपर तोच राहतो. दोन शिक्षकांचं जुळतं की नाही हे करारापूर्वी कळतं, हा त्याचा मोठा फायदा.

सहा आठवडे पुरतात. विषय असा घ्यावा की दोन्ही देशांत कायदा आहे पण अंमलबजावणी वेगळी आहे. माहितीचा अधिकार त्यासाठी फार सोयीचा. स्वीडनचा पहिला कायदा १७६६ चा, अमेरिकेचा १९६६ चा, मेक्सिकोचा पहिला २००२ चा, भारताचा २००५ चा. प्रत्येक गट दोन्ही देशांत एकाच आशयाचा अर्ज करतो, उदाहरणार्थ पालिकेच्या पाणीगळतीच्या नोंदींसाठी, आणि फी, मुदत, नकाराची कारणं, अपिलाची वाट यांची तुलना करतो.

यात एक गोम आहे. उत्तराची मुदत अमेरिकेच्या संघीय कायद्यात आणि ब्रिटनमध्ये कामकाजाचे २० दिवस, भारतात ३० दिवस; अमेरिकेतल्या पालिकांना मात्र राज्याचा कायदा लागू होतो. पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला तर चौथ्या आठवड्यात काही गट रिकाम्या हाताने बसतील. म्हणून अर्ज मॉड्यूल सुरू होण्याच्या एक महिना आधी टाकायला लावा. भारतात अर्जदार नागरिक असावा लागतो, अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली कोणीही चालतो, स्वीडनमध्ये अर्जदाराला नाव विचारण्याचाही सहसा अधिकार नसतो. हे फरक अर्ज कोणी लिहायचा हे ठरवताना समोर येतात, आणि विद्यार्थी कायद्याचं कलम वाचायला शिकतात ते तेव्हा. कार्यालयांवर उगाच बोजा नको म्हणून एका गटाचा प्रत्येक देशात एकच अर्ज.

पहिला आठवडा ओळखीला द्या आणि तो वाया गेला असं समजू नका. एकमेकांना ओळखत नसलेले गट तिसऱ्या आठवड्यात फुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन्ही कायदे, चौथ्यात आलेल्या उत्तरांची छाननी, पाचव्यात मसुदा, सहाव्यात एखाद्या माहिती आयुक्तापुढे किंवा निवृत्त अधिकाऱ्यापुढे सादरीकरण. गुण निम्मे गटाला, निम्मे वैयक्तिक टिपणाला. दोन्हीकडे या कामाचं वजन सारखं हवं. एकीकडे ३० टक्के आणि दुसरीकडे ५ टक्के असेल तर काम कोणाच्या अंगावर पडतं हे सांगायला नको.

वेळापत्रकाचा एक सापळा: अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे ठरलेला तास एका तासाने सरकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही आठवडाभर हेच होतं. बैठकीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा आणि त्या आठवड्यांवर आधीच खूण करून ठेवा.

भाषेचं काय? कामाची भाषा एक ठरवावी लागते, पण मूळ कायदा आणि कार्यालयाचं उत्तर मूळ भाषेत वाचलं जावं. यंत्रभाषांतर वापरू द्या, फक्त असा मजकूर वेगळ्या रंगात दाखवायचा आणि गटातल्या त्या भाषेच्या विद्यार्थ्याने तपासल्याशिवाय अहवालात घालायचा नाही.

पायरी ५: भागीदार आणि करार

आता करार. सहअध्यापन दोनदा नीट पार पडलेल्या विभागाशीच करा. दोन किंवा तीन पुरेत. नामांकन पाहून भागीदार निवडण्यापेक्षा त्यांचे प्रश्न आपल्या प्रश्नांसारखे आहेत का ते पाहा. संघराज्य चालवणाऱ्या, अनेक भाषांत कारभार करणाऱ्या, मोठ्या शहरांच्या ओझ्याखाली असलेल्या देशांना एकमेकांकडून जास्त मिळतं.

सर्वसाधारण सामंजस्य कराराला फारसा अर्थ नसतो, वजन असतं ते सोबतच्या परिशिष्टाला. त्यात कोणता पेपर कोणत्या पेपराऐवजी धरला जाईल याचा तक्ता, दर वर्षी दोन्हीकडून किती विद्यार्थी, फी कुठे भरायची (देवाणघेवाणीत बहुधा आपल्याच संस्थेत), गुणपत्रिका किती आठवड्यांत पाठवायची, विद्यार्थी आजारी पडला किंवा नापास झाला तर काय, हे सगळं यावं. संपर्कासाठी व्यक्तीचं नाव न लिहिता पद लिहा. एक प्राध्यापक निवृत्त झाला की करार कोमात जातो. मुदत लिहा, आणि करार संपला तरी मधे अडकलेल्या विद्यार्थ्याचं शिक्षण पूर्ण होईल हे कलम घाला. भागीदार युरोपीय संघातला असेल तर २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे विद्यार्थ्यांच्या माहितीबद्दल वेगळं कलम लागेल. कॅलेंडरंही शेजारी ठेवून पाहा. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, दक्षिण गोलार्धातल्या अनेक देशांत फेब्रुवारी-मार्चमध्ये, युरोपात बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये.

क्रेडिटचा हिशेब तासांवर आणा. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाची ६० क्रेडिटं आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं साधारण २५ ते ३० तासांचं काम. त्यात फक्त वर्गातले तास नसून वाचन, लेखन आणि परीक्षेची तयारीही धरलेली असते. आपलं क्रेडिट वर्गातल्या तासांवर मोजलेलं असेल तर थेट आकड्याला आकडा लावणं चुकीचं.

गुणांचं प्रकरण त्याहून नाजूक. फ्रान्समध्ये २० पैकी १४ ही चांगली श्रेणी. परदेशी गुण आपल्या श्रेणीत बदलायला जर्मनीत वापरलं जाणारं सुधारित बव्हेरियन सूत्र त्याला लावलं (कमाल २०, उत्तीर्ण १०) तर उत्तर येतं २.८, आणि १ ला सर्वोत्तम मानणाऱ्या जर्मन पद्धतीत ते नुसतं समाधानकारक. विद्यार्थी तोच, उत्तरपत्रिका तीच. फ्रेंच शिक्षक १६ च्या वर क्वचितच जातात, हे सूत्राला माहीत नसतं. म्हणून ईसीटीएसच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत सुचवलेला मार्ग धरा: दोन्ही विभागांनी मागच्या काही वर्षांत कोणती श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना दिली याचे तक्ते एकमेकांना द्यायचे आणि वरच्या दहा टक्क्यांतल्याला आपल्याकडची वरच्या दहा टक्क्यांची श्रेणी. हे अभ्यास मंडळाकडून आधीच मंजूर करून घ्या. विद्यार्थी परत आल्यावर वाद सुरू झाला की तो फक्त एका माणसापुरता उरतो आणि तो माणूस कायम हरतो.

संयुक्त पदवी म्हणजे दोन्ही संस्थांच्या नावाचं एकच प्रमाणपत्र. दुहेरी पदवी म्हणजे दोन स्वतंत्र प्रमाणपत्रं. संयुक्त पदवी दिसायला मोठी असली तरी दोन देशांच्या नियमांतून तिला वाट काढावी लागते. पेपर पातळीवरची क्रेडिट अदलाबदल तीन वर्षं सुरळीत चालल्याशिवाय या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पात्रतांना परस्पर मान्यता देण्याबाबतचा युनेस्कोचा जागतिक करार २०१९ मध्ये स्वीकारला गेला आणि मार्च २०२३ पासून अमलात आला. दोन्ही देशांनी तो मान्य केला आहे का एवढं पाहून ठेवा.

पायरी ६: प्रवास, पण छोटा

पूर्ण सेमिस्टर बाहेर जाणं नोकरदार विद्यार्थ्यांना जमत नाही. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमाने यासाठी मिश्र गहन कार्यक्रमाचा साचा दिला आहे: ५ ते ३० दिवस प्रत्यक्ष, बाकी ऑनलाइन, किमान ३ क्रेडिटं. युरोपाबाहेरही तो जसाच्या तसा वापरता येतो.

कार्यालयाच्या भेटीत बहुधा सभागृह, चहा आणि सादरीकरण मिळतं. ते टाळायचं असेल तर यजमानांना महिनाभर आधी लिहा की आम्हाला एका अर्जाचा प्रवास पाहायचा आहे. बांधकाम परवान्याचा अर्ज खिडकीवर पडल्यापासून निर्णयापर्यंत किती टेबलं फिरतो, कुठे थांबतो, अर्जदाराला मध्ये काय कळतं, शेरा कोण लिहितं. निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी हाच प्रवास आपल्या गावच्या कार्यालयात काढलेला असावा. मग ते बोलतात तेव्हा ‘तिकडे किती स्वच्छ’ यावर गाडी अडकत नाही.

इंटर्नशिपची आशा मात्र मोजूनमापून दाखवा. सरकारी कार्यालयं सुरक्षा पडताळणीमुळे परदेशी विद्यार्थ्यांना सहसा घेत नाहीत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी चालत आली आहे. शहरांची जाळी, जसं १९९० पासूनचं इक्ली किंवा बार्सिलोनातलं यूसीएलजी, आणि स्थानिक स्वयंसेवी संस्था हे जास्त व्यवहार्य दरवाजे आहेत.

पायरी ७: बाहेरून येणारे विद्यार्थी

पहिल्या तीन आठवड्यांत यजमान देशाच्या प्रशासनाची तोंडओळख करून देणारा छोटा वर्ग घ्या: सरकारचे स्तर, भरती कशी होते, पैसा कुठून कुठे जातो, फाइल कशी चालते. हे नसेल तर मुख्य पेपरांत ते वर्षभर चाचपडत राहतात. त्यांना त्यांच्या देशाचे प्रवक्तेही करू नका. ‘तुमच्याकडे भ्रष्टाचार किती?’ हा प्रश्न प्रत्येक तासाला एकाच विद्यार्थ्याकडे वळू लागला की तो मागच्या बाकावर जाऊन बसतो.

एक गोष्ट या विषयात खास जपावी लागते. यातले अनेक जण आपल्या सरकारच्या सेवेत असतात आणि रजा घेऊन आलेले असतात. स्वतःच्या सरकारवर टीका केल्याची नोंद परत गेल्यावर त्यांना महागात पडू शकते. म्हणून चॅटहॅम हाउसचा नियम पहिल्याच दिवशी लावा: झालेली चर्चा वापरता येते, पण कोण बोललं आणि ते कुठल्या संस्थेचं, हे बाहेर सांगायचं नाही. चर्चेचे तास ध्वनिमुद्रित करू नका. स्वतःच्या देशावरचं टिपण सक्तीचं न ठेवता दुसरा देश निवडायची मोकळीक द्या, आणि ती का मागितली हे विचारू नका.

पायरी ८: शिक्षक आणि मानांकन

शिक्षकांबद्दल थोडक्यात. सहअध्यापनाचे तास कार्यभारात धरा. पहिल्या वेळी तयारीला नेहमीच्या दुप्पट वेळ लागतो हे गृहीत धरा. हे झालं नाही तर उत्साही शिक्षक एक वर्ष करतो आणि सोडतो. परिषदांत ब्रसेल्समधली १९३० पासूनची प्रशासनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आयआयएएस, तिच्याशी संलग्न असलेली प्रशासन शिकवणाऱ्या शाळांची संघटना आयएशिया, मध्य व पूर्व युरोपातल्या अशाच शाळांसाठी ब्रातिस्लाव्हातली निस्पासी या ठिकाणी भागीदार भेटतात. क्रेडिटांच्या फायली सांभाळणारा कार्यालयातला माणूस मिळाला तर मी एक परदेशवारी कमी करून त्याच्या पगारासाठी भांडेन.

मानांकनासाठी तीन दरवाजे आहेत: अमेरिकेत मूळ असलेली नास्पा, १९९९ पासूनची युरोपची ईएपीएए आणि आयएशियाशी जोडलेली इकापा. नास्पाच्या प्रक्रियेत विभागाचा स्वमूल्यमापन अहवाल, मग तज्ज्ञांची भेट. पूर्ण मानांकन सात वर्षांचं. अमेरिकेबाहेरच्या विभागांनाही ते मिळालेलं आहे. पहिल्या दोन वर्षांत अर्ज करू नका. मात्र संयुक्त राष्ट्रं आणि आयएशिया यांनी २००८ मध्ये मांडलेले निकष आजच काढून विभागाच्या बैठकीत वाचायला हरकत नाही. आरशासारखे ते फुकट वापरता येतात.

पायरी ९: तिसऱ्या वर्षीचा आढावा

करार किती, पाहुणे किती, दौरे किती ही मोजणी वार्षिक अहवालासाठी ठीक. आढाव्यासाठी टिपणं काढा. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून परदेशी धोरणावर एक टिपण लिहून घेतलेलं असावं आणि शेवटच्या सेमिस्टरला त्याच प्रकारचं दुसरं. नावं झाकून बाहेरच्या दोन परीक्षकांना मिश्र गठ्ठा द्या आणि कोणतं पहिलं, कोणतं शेवटचं ते ओळखायला सांगा. ओळखता येत नसेल तर तिसऱ्या पायरीवर परत जायचं, आणि तोवर नवीन करार नाही. परदेशी गेलेले आणि न गेलेले विद्यार्थी अशा दोन गटांची टिपणं वेगळी करूनही पाहा. न गेलेल्यांची टिपणं खूप मागे असतील तर पैसा कुठे चालला आहे ते कळतं.

ज्या करारातून तीन वर्षांत एकही विद्यार्थी, पेपर किंवा सामायिक तास निघाला नाही, तो मुदत संपेपर्यंत लोंबकळत ठेवू नका. भागीदाराला पत्र लिहून रीतसर बंद करा, अडकलेल्या विद्यार्थ्यांची यादी पत्रासोबत जोडा आणि त्यांच्या गुणपत्रिका कधीपर्यंत येतील ती तारीख लेखी मागून घ्या.